रक्तातच असतं म्हणे

“शेवटी काय, रक्तातच असतं रे त्यांच्या,” गिरीश म्हणाला, आणि कुमार साठे हसला. हातात कागदी बशी, बशीत अर्धा खाल्लेला बटाटेवडा, भोवती मंडळाची सहा-सात माणसं. हसू मोठं नव्हतं. ओठ थोडे ताणले गेले, मान खालीवर झाली, नाकातून हवा सुटली, एवढंच. सदतीस वर्षं अमेरिकेतल्या ऑफिसांत आणि मराठी घरांत हे हसू त्याच्या तोंडावर न बोलावता येत आलं होतं. पण या वेळी ते आलेलं त्याला कळलं, आणि कळल्यावर ते पुसता येईना. शेजारी त्याची बायको उत्तरा उभी होती. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हातातली बशी तशीच, भरलेली, कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पन्नास मिनिटांचं भाषण नुकतंच संपलं होतं. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी मंडळाचा रविवार दुपारचा कार्यक्रम, कम्युनिटी सेंटरचा हॉल, साठ-सत्तर माणसं, मागच्या रांगेत फोनमध्ये डोकं घातलेली चार मुलं. विषय होता लुशियस टिबो. एकशे पस्तीस वर्षांपूर्वी याच गावाच्या उसाच्या मळ्यात जन्मलेला काळा कॉर्नेटवादक, जॅझच्या अगदी पहिल्या पिढीतला, स्वतःचा बँड उभा केलेला, आणि आज कुणालाही ठाऊक नसलेला. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचं आखूड, बुटकं भावंड, असं कुमारनं सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि लोक हसले होते. शेवटी टाळ्याही चांगल्या पडल्या. मग चहाच्या टेबलापाशी गिरीशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गिरीश मंडळाचा अध्यक्ष, हृदयाचा डॉक्टर, तीस वर्षांची ओळख. “मस्त झालं यार. काय आयुष्य. शिक्षण नाही, काही नाही, वादळाच्या ढिगाऱ्यात बाजा सापडतो काय आणि माणूस वाजवायला लागतो काय. आपण दहा वर्षं क्लास लावले तरी जमणार नाही. शेवटी काय, रक्तातच असतं रे त्यांच्या.”

पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडताच आतली हवा अंगावर आली. मे महिन्यातली ह्यूस्टनची दुपार, ओल्या फडक्यासारखी. कुमारनं एसी पूर्ण वाढवला आणि हायवे सिक्सला गाडी लावली. उत्तरा खिडकीबाहेर बघत होती. दोन्ही बाजूंना बँका, दातांचे दवाखाने, एकसारख्या विटांच्या घरांच्या वसाहती, आणि त्या वसाहतींची नावं उसाच्या मळ्यांवरून ठेवलेली. या जमिनीखाली माणसं पुरलेली सापडली होती, तुरुंगातून मळ्यांवर भाड्यानं दिलेली काळी माणसं. सगळ्या पेपरांत ती बातमी आली होती. भाषणात कुमारनं ती सांगितली नव्हती. आठ दिवसांपूर्वी गिरीशचा फोन आला होता, “फॅमिली ऑडियन्स आहे बाबा, मुलं असतात, जरा पॉझिटिव्ह ठेव.” आणि त्यानं पॉझिटिव्ह ठेवलं होतं. लॅपटॉपवर बसून एकेक स्लाइड काढून टाकली होती. लुशियसचा बाप काढला. त्याचे तुरुंगातले नऊ दिवस काढले. त्याचं पत्र काढलं. पत्र काढताना बोट थोडं थांबलं होतं, पण काढलं. आता स्टिअरिंग धरलेली बोटं पांढरी पडली होती. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. राग गिरीशचा आला असता तर सोपं होतं. गिरीशनं त्याला जे ऐकवलं गेलं त्यावरून निष्कर्ष काढला होता. ढिगाऱ्यात सापडलेलं कॉर्नेट त्याला कुणी दिलं? कुमारनं दिलं. ती गोष्ट खोटी आहे हे माहीत असताना दिलं.

साठे. या आडनावानं त्याला अमेरिकेत घर दिलं होतं. अठ्ठ्याऐंशी साली, ह्यूस्टनला येऊन जेमतेम महिना झाला होता, तेव्हा एका गणपतीच्या आरतीनंतर एका काकूंनी विचारलं होतं, “साठे म्हणजे पुण्याचे का हो?” तो म्हणाला, “बार्शीचे.” खोटं नव्हतं. काकू म्हणाल्या, “असं का, तिकडेही गेले असतील कुणी आपल्यातले.” त्यावर तो हसला. तेच हसू. त्या हसण्याच्या जोरावर तो ‘आपल्यातला’ झाला आणि राहिला. कोकणातून निघून पुण्यात स्थिरावलेले साठे वेगळे आणि बार्शीच्या मांगवाड्यातले साठे वेगळे, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्या संध्याकाळी घशात राहिलं आणि मग रोज थोडं जड होत गेलं. पहिल्या वर्षी ते संकोचापोटी राहिलं, पाचव्या वर्षी सवयीनं. पुढे केया जन्मली, मित्र जमले, सुट्ट्या एकत्र झाल्या. गिरीशनं एकदा आपल्या भाच्यासाठी, अनयसाठी, केयाची पत्रिका मागितली आणि सहज गोत्र विचारलं, तेव्हा ते वाक्य इतकं जड झालं होतं की कुमारनं “मुलांना हे पटत नाही रे” म्हणून विषय उडवून दिला. उत्तराही त्याच्याच समाजातली, लातूरची. लग्नानंतर विमानातच त्यानं तिला सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं नाही तर आपण सांगायचं नाही. ती फार्मसिस्ट होती, मोजून बोलणारी. तिनं पस्तीस वर्षं सांगितलं नाही.

लुशियस टिबो त्याच्या आयुष्यात निवृत्तीनंतर आला. तेलाच्या कंपनीतून बाहेर पडल्यावर दिवस मोकळे झाले, तेव्हा तो काउंटीच्या ग्रंथालयात जुने नकाशे बघत बसायचा. एका खोक्यात जवळच्या गॅल्व्हेस्टन बेटावरच्या नाचघराची एक जाहिरात मिळाली, १९१५ सालची: टिबोज आयलंड ऑर्केस्ट्रा, आठ वादक, आणि मधोमध कॉर्नेट छातीशी धरलेला पंचविशीचा माणूस. त्या माणसाची उभं राहण्याची तऱ्हा बघून कुमार खुर्चीत मागे सरकला होता. डावा पाय पुढे, मान किंचित तिरकी, वरचा ओठ आत दुमडलेला. कॉर्नेट वाजवणारा माणूस वाजवत नसतानाही असाच उभा राहतो. त्याचे वडील, अण्णा, असेच उभे राहायचे.

त्या जाहिरातीवरून शोधत शोधत तो ह्यूस्टनमध्ये मिस ऑर्डेलच्या दारात पोचला. लुशियसची नात, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, चाळीस वर्षं शाळेत संगीत शिकवलेली. पहिल्या दिवशी तिनं त्याला जाळीच्या दारातूनच विचारलं, तुला काय हवंय. दुसऱ्यांदा आत घेतलं. सहा वर्षांत पत्र्याच्या तीन पेट्या त्याच्यासमोर उघडल्या. ढिगाऱ्याची गोष्ट त्यानं पहिल्यांदा जुन्या पेपरात वाचली होती. १९०० सालच्या वादळानं गॅल्व्हेस्टन धुऊन नेलं, दहा वर्षांचा लुशियस मामाबरोबर ढिगारे उपसायला गेला, आणि चिखलात त्याला चेपलेलं कॉर्नेट चमकताना दिसलं. मिस ऑर्डेलनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते तो गोऱ्या पेपरवाल्यांना सांगायचा. त्यांना आवडायचं. बाजा त्यानं गहाणवटीच्या दुकानातून घेतला, जसा कुणीही घेतो. आणि शिकवलं एका म्हाताऱ्या जर्मन बँडमास्तरनं. त्या बदल्यात याला त्याची लाकडं फोडावी लागायची. तीन वर्षं. तू हे लिहून घे.” कुमारनं लिहून घेतलं. मग ती म्हणाली होती, “आणि एक. माझा आजोबा गोड माणूस नव्हता. मरेपर्यंत चिडलेला होता. घरात ताटं फोडायचा. माझी आई त्याच्या पावलांचा आवाज ऐकून पलंगाखाली जायची. लोक येतात आणि त्याला गोड करून घेऊन जातात. तू करू नकोस.”

सिग्नलला गाडी थांबली. कुमारला त्या म्हातारीचा चेहरा इतका लख्ख दिसला की त्यानं काचेवरून नजर काढली. करू नकोस म्हणाली होती. आणि त्यानं पडद्यावर लुशियसचा हसरा फोटो लावला होता. सहा वर्षांत मिळालेल्या एकोणीस फोटोंपैकी एकातच लुशियस हसत होता, तोच त्यानं निवडला होता.

खरं आयुष्य असं होतं. बाप एका डुकराच्या चोरीच्या आरोपावरून पाच वर्षांसाठी आत गेला आणि उसाच्या मळ्यावर भाड्यानं दिला गेला. तिसऱ्या वर्षी तिथंच मेला. लुशियस तेव्हा चार वर्षांचा. आई धुणी धुवायची. गॅल्व्हेस्टनला त्या जर्मन मास्तराकडे तो स्वर वाचायला आणि लिहायला शिकला, आणि विशीत असताना आपल्या बँडसाठी आठही वाद्यांचं स्वरलेखन स्वतः करायचा. रोज सकाळी समुद्राकडे तोंड करून एकेक स्वर धरून उभा राहायचा. बँड न्यू ऑर्लीन्सला गेला, मग शिकागोला. तिथं सात वर्षं गाजला. त्याची एक धून होती, ब्राझोस नदीच्या काठच्या चिखलावर बेतलेली. तिच्या दुसऱ्या भागात क्लॅरिनेट एकाएकी थांबायचं, दोन मात्रा नुसतीच शांतता, आणि मग कॉर्नेट असं घुसायचं की नाचणारी माणसं पाय उचललेली तशीच राहायची. एक गोरा बँडवाला महिनाभर रोज पुढच्या टेबलाशी वही घेऊन बसला. पुढच्या वर्षी ती धून त्याच्या नावानं छापली गेली, त्याच्या बँडची रेकॉर्ड निघाली आणि देशभर वाजली. त्यानंतर लुशियस ती वाजवायचा तेव्हा लोक म्हणायचे, नक्कल बरी करतो. त्यानं रेकॉर्डच्या कंपनीला लिहिलं. कंपनीचं उत्तर मिस ऑर्डेलच्या पेटीत होतं, चार ओळींचं. आपल्या वंशाच्या लोकांना संगीत निसर्गतःच येतं हे आम्ही जाणतो, परंतु सदर रचना लिखित स्वरूपाची आहे, आणि आपणांस स्वरलेखन येत नसावं, तेव्हा ती आपली असणं संभवत नाही. कुमारनं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून मिस ऑर्डेलच्या स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला होता. पुढे लुशियसचे उरलेले दात गेले, ओठ गेला, बँड फुटला. ह्यूस्टनच्या एका हॉटेलात तो फरशा पुसायला लागला. एकदा तिथल्या नाचात तीच धून लागली. लुशियस ओला मॉप हातात घेऊन सरळ नाचणाऱ्यांच्या मधून गेला, वाद्यवृंदासमोर उभा राहिला आणि म्हणाला, क्लॅरिनेट चुकीच्या जागी थांबतंय. नऊ दिवस तुरुंगात ठेवला त्याला. १९४३ साली मेला. यातलं अर्धंही कुमारनं आज सांगितलं नव्हतं.

आणि अण्णा. किसन धोंडी साठे, जयहिंद ब्रास बँड, बार्शी. अण्णांच्याही बाबतीत लोक हेच म्हणायचे. एका बागायतदाराच्या घरचं लग्न होतं, कुमार अकरा-बारा वर्षांचा असेल. मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगाऱ्यापलीकडे, बँडवाल्यांच्या पत्रावळ्या मांडल्या होत्या, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. नवरदेवाचा चुलता दारात उभा राहून पाहुण्याला सांगत होता, “ह्यांना काय शिकवावं लागत न्हाय. रगतातच वाजाप आस्तंय ह्यांच्या.” अण्णा खाली मान घालून भात कालवत होते. त्यांचा वरचा ओठ फुटून सुजलेला होता, कारण नाचणाऱ्या पोरांनी एकच गाणं सात वेळा वाजवायला लावलं होतं आणि भात तोंडात नीट जात नव्हता. घरी जाताना, बाकीची माणसं पुढे गेल्यावर, ते म्हणाले, “रगतात आस्तं तर मी पाटंचा चार वाजता गिरणीच्या भिताडामागं जाऊन कशापायी बोंबलत बसलो आस्तो?” एवढंच. परत कधी त्यांनी तो विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता ते गिरणीच्या भिंतीमागे होते. त्यांनीही स्वर वाचायला शिकून घेतलं होतं, सोलापूरच्या एका निवृत्त मिलिटरी बँडवाल्याकडून, आणि चातुर्मासात लग्नं नसायची तेव्हा घरी केरसुण्या वळता वळता ते समोर कागद ठेवून तोंडानं सूर म्हणायचे. त्या केरसुण्यांच्या आणि वळलेल्या दोरांच्या पैशांवर कुमार पुण्याला इंजिनीअर झाला.

नव्याण्णव साली अण्णा इकडे आले होते, तीन महिन्यांसाठी. पहिल्याच आठवड्यात गिरीशकडे जेवण होतं. गिरीशच्या बायकोनं, सुचित्रानं, पानात पुरणपोळी वाढता वाढता विचारलं, “काका, तुम्ही काय करायचात?” अण्णांनी तोंड उघडलं होतं. कुमारला ते आजही दिसत होतं, त्यांच्या खालच्या ओठाला लागलेला पोळीचा बारीक तुकडासुद्धा. आणि त्यांच्या तोंडातून शब्द निघायच्या आत तो म्हणाला, “संगीत शिक्षक होते.” अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर त्याला पुढची पंचवीस वर्षं झोप आली असती. त्यांनी ज्या तऱ्हेनं त्या बागायतदाराच्या दारातल्या पत्रावळीकडे पाहिलं होतं त्याच तऱ्हेनं पाहिलं, तोंड मिटलं आणि पोळी खाल्ली. त्यानंतर मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला ते आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणायचे. दीड महिन्यातच त्यांनी तिकीट बदलून मागितलं. पाच वर्षांनी बार्शीत वारले. केयाला आजोबा म्हणजे संगीत शिक्षक, एवढंच माहीत होतं. शाळेत तिनं त्यांच्यावर एक निबंधही लिहिला होता आणि त्याला ए मिळाला होता.

“हसलात तुम्ही,” उत्तरा म्हणाली.

घर अजून दोन मैलांवर होतं. तिचा आवाज एसीच्या आवाजाहून मोठा नव्हता.

“मी बघत होते. वाटलं काहीतरी बोलाल. तर हसलात.”

“तिथं काय बोलणार होतो? लोक चहा पीत होते.”

“अण्णांना तुम्ही संगीत शिक्षक केलंत तेव्हा मी गप्प बसले. केया लहान होती. मला वाटलं, तुमचा बाप, तुम्ही बघा. पण त्या म्हातारीनं तुम्हाला विश्वासानं पेट्या दिल्या. सहा वर्षं तिच्याकडे गेलात. मी दर वेळी तिला डबा करून दिला. आणि आज तिच्या आजोबालाही तुम्ही तसंच केलंत.” “मला रात्रंदिवस तुमचा राग येतो, माहीत आहे? भाजी चिरताना येतो. मी तो कुठं ठेवते, तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

त्याला तिच्यावर ओरडायचं होतं. तू बोलली असतीस, तुला कुणी अडवलं होतं, असलं काहीतरी, पूर्णपणे खोटं. त्यानं इंडिकेटर लावला. डावीकडच्या वळणावर गाडी फिरवली आणि उलट दिशेला घातली.

“कुठे?”

“परत.”

तिनं पर्समधून कंगवा काढून आरशात बघून केस नीट केले.

हॉलमध्ये सात माणसं उरली होती. दोघं-तिघं खुर्च्या मिटवून भिंतीला लावत होते, सुचित्रा उरलेले वडे फॉइलमध्ये बांधत होती, गिरीश लॅपटॉपच्या वायरी गुंडाळत होता. “काय विसरलं?” त्यानं विचारलं. “चार्जर मी बॅगेत टाकलाय तुझा.”

“मी खोटं बोललो,” कुमार म्हणाला. तो हॉलच्या मध्यावर उभा होता आणि आवाज उगाचच मोठा निघाला होता. खुर्च्या मिटवणारे थांबले. “कॉर्नेट ढिगाऱ्यात सापडलं नव्हतं. विकत घेतलेलं होतं. आणि त्याला रक्तात काही मिळालं नव्हतं. तो शिकला होता. आणि माझे वडील संगीत शिक्षक नव्हते. बार्शीला लग्नात वाजवणाऱ्या बँडचे मास्तर होते. आम्ही मांगवाड्यातले. तुम्ही समजता ते साठे आम्ही नव्हे.”

मग गिरीशनं वायर खाली ठेवली आणि दोन पावलं पुढे येऊन, अगदी मायेनं, त्याचा दंड धरला. “अरे मग काय झालं? वेडा आहेस का तू? आम्ही कुणी असलं मानतो का? अमेरिकेत येऊन कोण जात बघतं? उलट अभिमान वाटतो यार, कुठून कुठं आलास.”

कुमारला वाटलं होतं कुणीतरी तोंड फिरवेल, कुणीतरी काही बोलेल, त्याला त्यावर काहीतरी फेकता येईल. एवढ्या वर्षांचा दगड त्यानं उचलून आणला होता आणि गिरीशनं तो हसत हसत, पाहुण्याची बॅग घ्यावी तसा, हातातून काढून बाजूला ठेवला होता. त्याच्या कानशिलात रक्त वाजायला लागलं. “मग गोत्र कशाला विचारलं होतंस?” तो म्हणाला.

“कधी?”

“अनयच्या वेळी.”

“अरे, ते आपलं घरातल्या मोठ्या माणसांसाठी असतं. आईनं विचारायला सांगितलं होतं.”

“आणि तीस वर्षं मला ‘आपल्यातला’ म्हणत होतास, ते कुणासाठी?”

गिरीशनं दंड सोडला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच डॉक्टरकीचा तो सराईत भाव नव्हता. त्याच वेळी कुमारचं लक्ष सुचित्राकडे गेलं. ती फॉइल हातात धरून उत्तराकडे बघत होती. पंधरा वर्षं मंडळाच्या गणपतीला नैवेद्याचे एकशे एक उकडीचे मोदक उत्तरा करत होती. सुचित्रानंच तिला बजावलं होतं, आंघोळ करून, सोवळ्यात, मध्ये कशाला शिवायचं नाही. ते सगळे मोदक आता सुचित्राच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक जात असावेत. तिला त्याची लाज वाटत होती हेही दिसत होतं, आणि तरी ते जात होते, आणि ती ते थांबवू शकत नव्हती. उत्तरानं तिची नजर सोडली नाही. “चांगले व्हायचे ना?” ती म्हणाली. “तूच म्हणायचीस, असे मोदक पुण्यातही मिळत नाहीत.”

सुचित्रानं फॉइल टेबलावर ठेवलं. “चांगलेच व्हायचे,” ती खाली बघत म्हणाली.

“मला दहा मिनिटं दे,” कुमार गिरीशला म्हणाला. “एक पत्र वाचायचं राहिलंय.”

“पाचला हॉल सोडायचाय.”

“वीस मिनिटं आहेत.”

गिरीशनं घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीला लावलेली एक खुर्ची उघडून तो बसला. बाकीचेही एकेक करून बसले. कुमारनं फोनमध्ये काढलेला पत्राचा फोटो उघडला. कंपनीचं चार ओळींचं उत्तर त्यानं आधी मराठीत सांगितलं, मग लुशियसनं त्यावर जे लिहिलं होतं ते, मजकुराकडे बघत, शब्द शोधत, थांबत.

“महाशय, तुम्ही लिहिता की माझ्या लोकांना संगीत निसर्गतःच येतं. मला निसर्गतः काहीही आलेलं नाही. वयाच्या अकराव्या वर्षापासून रोज सकाळी एकेक स्वर मी तासभर धरत आलो आहे. या कामात माझे पुढचे दोन दात गेले, ते निसर्गानं परत दिले नाहीत. तुमच्या नावाजलेल्या माणसानं माझ्यासमोर बसून वहीत लिहून घेतलं, आणि त्याला तुम्ही रचनाकार म्हणता. मी ते कागद कोरे असताना लिहिलं, आणि मला तुम्ही निसर्ग म्हणता. सोबत आठ वाद्यांचं लेखन जोडलं आहे, माझ्या हातचं. दुसऱ्या भागात क्लॅरिनेट दोन मात्रा आधी का थांबतं, हे तुमच्या माणसाला विचारा. त्याला सांगता येणार नाही. मी ते का थांबवलं हे मला माहीत आहे, आणि ते मी तुम्हाला सांगणार नाही. लुशियस टिबो, बँडमास्तर.”

शेवटचा शब्द मूळ इंग्रजीत ‘बँडलीडर’ होता. कुमारनं तो बँडमास्तर असा वाचला आणि मग पुढे काय करायचं ते न कळून फोन खिशात टाकला. टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या खुर्चीवरचा एक मुलगा, कुणाचा तरी नातू, इंग्रजीत म्हणाला, “सो व्हाय डिड ही स्टॉप इट?” आणि त्याच्या आजीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. गिरीश खाली बघत होता. मग तो म्हणाला, “हे तू आधीच वाचायला हवं होतंस.”

“तूच म्हणालास, पॉझिटिव्ह ठेव.”

“मी म्हणालो,” गिरीश म्हणाला. “पण काढलंस तू.”

खुर्च्या पुन्हा मिटू लागल्या. एक कुमारनंही मिटवली, मग दुसरी. सुचित्रानं वड्यांचं एक पुडकं उत्तराच्या हातात दिलं आणि उत्तरानं ते घेतलं. पुढच्या गणपतीत मोदक कोण करणार हा प्रश्न दोघींच्या मध्ये तसाच राहिला.

बाहेर ऊन अजून तेवढंच होतं. राग उतरेल असं त्याला वाटलं होतं. उतरला नव्हता. उलट आता तो स्वच्छ झाल्यासारखा, कुणावर किती याचा हिशेब न मागता अंगभर पसरला होता, आणि त्यात गिरीश होता, बागायतदार होता, चार ओळींचं उत्तर लिहिणारा कुणी कारकून होता, आणि सगळ्यांच्या पुढे पुरणपोळीच्या पानावर बसलेला चाळीस वर्षांचा तो स्वतः होता. उद्या मिस ऑर्डेलकडे जाऊन सगळं सांगायला लागणार होतं. ती काय म्हणेल ते त्याला माहीत होतं. ती त्याला जाळीच्या दाराबाहेर उभं ठेवेल, आणि तो उभा राहील.

गाडीत बसून त्यानं चावी लावली नाही. केयाला फोन लावला. ती न्यू जर्सीत होती, पिस्कॅटवेला, विद्यापीठात नोकरी करत होती, आणि रविवारी या वेळी बहुतेक कपडे धुवायला टाकलेले असायचे. मागे मशीनचा आवाज येत होताच.

“हाय बाबा. हाऊ वॉज द टॉक?”

“केया,” तो म्हणाला, “तुझ्या आजोबांबद्दल मी तुला एक खोटं सांगितलंय.”

पलीकडे मशीन बंद झाल्याचा आवाज आला. शेजारी उत्तरा पुढे सरकून बसली.

“ओके,” केया म्हणाली. “कोणतं?”